लाल घोंगडं

माझ्या लग्नाचं सगळं कापड कोलाच्या गिरणीत पडलं होतं आणि त्याच आठवड्यात किर नदीला पूर आला.

कोलाची गिरण दळायची नव्हती. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं, वारा आरपार जातो. ते ओलं करून गिरणीत टाकायचं. पाण्याच्या जोरावर लाकडाचे घण त्याच्यावर पडत राहायचे आणि कापड आटत आटत नमद्यासारखं घट्ट व्हायचं, तोच शायाक. त्याचाच आम्हा बायकांचा झुब्लेता, म्हणजे खांद्यावरून घंटेसारखा लटकणारा जड काळा घागरा. त्याचीच पुरुषांची विजार. घोंगडी गिरणीच्या बाजूच्या भोवऱ्यात सोडायची, म्हणजे लव वर यायची.

आईनं आणि मी ते कापड किती हिवाळे विणलं, कुणी मोजलं नाही. वडील गेले तेव्हा मी मागाच्या खाली मावत होते आणि वऱ्हाडाचा दिवस ठरला तेव्हा मागावर बसत होते, एवढंच सांगते. त्यात एक लाल घोंगडं होतं, नवरानवरीच्या अंथरुणावरचं. त्यासाठी आईनं मंजिष्ठेच्या मुळ्या डोंगरातून खणून आणल्या होत्या आणि रंग मनासारखा चढेना म्हणून सगळी लोकर पुन्हा एकदा उकळली होती. कडेची झालर माझी.

वडिलांचं नाव झेफ. खालच्या गावातल्या मराशनं कुरणातल्या झऱ्यावरच्या भांडणात त्यांना गोळी घातली. तेव्हापासून आमच्या घराचं एक रक्त मराशच्या घरावर होतं, आणि ते घ्यायचं काम माझ्या काकाचं, लुलाशचं होतं. मराश आणि त्याचा एकुलता एक मुलगा दार लावून घरात बसले. राजाची माणसं गावोगाव हिंडून बंदुका गोळा करून गेली, पण वैर होतं तिथंच राहिलं. काकानं एक बंदूक गवताच्या गंजीत लपवलेली होती. वर्षं गेली, त्याच्या हातून काही झालं नाही. एक पाय अधू, त्यात स्वभावानं मऊ. लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत. कुणाकडे गेला की कॉफी मात्र द्यायचे ती गुडघ्याखालून हात घालून. आमच्याकडे ज्याचं रक्त घ्यायचं राहिलंय त्याला अशीच देतात. काका ती मान खाली घालून प्यायचा.

पुराच्या दिवशी सकाळी कोला वर आमच्या अंगणात आला. कमरेपर्यंत चिखलानं भरलेला.

"त्रिंगा," तो आईला म्हणाला, "गिरण गेली."

"गेली म्हणजे? पडली?"

"पडली नाही गं बाई, गेली. घण, चाक, छप्पर, सगळं. बकऱ्या सोडवायला वर गेलो होतो. वळून बघतो तर नुसतं पाणी."

"आणि आमचं कापड?"

कोलानं डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि ती पिळत उभा राहिला.

"बोल की रे! गप्प काय बसलास?"

"गिरणच राहिली नाही, तर कापड कुठं राहणार, त्रिंगा?"

आई रडली नाही. भिंतीला टेकवलेली लाकडं ओढायची आकडी उचलली आणि उतारावरून खाली धावत सुटली. मी तिच्या मागे.

पुढच्या सोमवारी वऱ्हाड येणार होतं. आमच्यात वऱ्हाडाचा दिवस बदलत नाहीत. घरात मढं पडलेलं असलं तरी वऱ्हाड येतं आणि नवरी घेऊन जातं. माझी पेटी घरात उघडी पडली होती, आत नुसता अक्रोडाचा पाला, कसर लागू नये म्हणून घातलेला. बापाविना पोर, भाऊ नाही, काका असा. त्यात पेटीही रिकामी. अशी नवरी सासरी गेली तर तिला चुलीपाशी तरी कोण बसू देणार? आईच्या डोक्यात हेच चाललं असणार. माझ्या तरी हेच होतं.

नदी ओळखू येत नव्हती. तपकिरी पाणी, त्यात आख्खी झाडं, कुणाचं तरी दार, एक मेलेली मेंढी. आम्ही काठाकाठानं खाली जात राहिलो. वळणावरच्या वाळुंजाच्या फांदीला माझा एक विणलेला कमरपट्टा अडकलेला दिसला. पुढे दगडांच्या बेचक्यात काळ्या शायाकाची लांब गुंडाळी, अर्धी पाण्यात. आई आकडी घेऊन सरळ पाण्यात उतरली.

"आई, नको! आई!"

"झुब्लेत्याचं आहे ते, पाश्का! सोडते होय मी!"

आकडी कापडात रुतली, पण पाणी प्यालेल्या शायाकाचं वजन बैलाएवढं होतं. कापड हललं आणि आईलाच घेऊन चाललं. ती छातीपर्यंत गेली. तिचा स्वतःचा झुब्लेताही भिजून जड झाला होता, तो तिला खाली ओढत होता. मी वाळुंजाला एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या खांद्यावरचा पट्टा. तिनं कापड सोडावं म्हणून मी ओरडत होते आणि ती ते सोडत नव्हती. शेवटी पाण्यानंच ते तिच्या हातातून काढून नेलं. मी तिला काठावर घेतलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि मुठीत काळ्या धाग्यांचा झुपका होता.

ती दगडावर बसली. मग म्हणाली, "तुझा बाप मेला तेव्हासुद्धा मी म्हणाले नव्हते. आज म्हणते. आता काय करू मी? पाश्का, सांग, काय करू?"



तेवढ्यात वरच्या वाटेनं मेंढ्या हाकत एक बाई चालली होती, ओळखीतली. तिनं आमच्याकडे बघितलं आणि थांबली.

"कापड शोधताय का गं? खालच्या गावात वळणावर बरंच काही लागलंय म्हणतात. घोंगडी तर लांबून दिसतात."

"कुणाकडे आहेत?" आईनं विचारलं.

बाई घुटमळली. "मराशच्या कुंपणावर वाळत घातलीत," म्हणाली आणि आमच्याकडे न बघता मेंढ्यांना हाकायला लागली.

आम्ही घरी आलो. आई कपडे बदलेपर्यंत काकाला सगळं कळलं होतं. तो काठी टेकत दारात येऊन उभा राहिला.

"त्या घरात पाऊल टाकायचं नाही, वहिनी."

"का?"

"का म्हणजे? माझ्या भावाला मारणाऱ्याच्या दारात भीक मागायला जाणार?"

"भीक कसली? माझं कापड आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचे राहिलेत, भावजी?" आई ओले केस पिळत म्हणाली. "तुला बंदूक घेऊन त्या दाराशी जाता आलं नाही. मी रिकाम्या हातानं जाते. बाईला कोण गोळी घालतंय?"

काकाचा चेहरा उतरला. आईलाही बोलून गेल्यावर वाईट वाटलं असावं, कारण जाताना तिनं त्याच्यासाठी मक्याची भाकरी आणि चीज झाकून ठेवलं. "खाऊन घे," एवढंच म्हणाली.

खालच्या गावाशी पोहोचायच्या आधीच रडणं ऐकू आलं. आधी पुरुषांचं. आमच्याकडे पुरुष ओळीनं उभे राहून छाती बडवत हाका घालतात, डोंगर दणाणतो. मग बायकांचं. आई वाटेतच थांबली.

"कुणीतरी गेलंय," ती म्हणाली. "पुरात."

"परत फिरूया, आई."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि सोमवारी?"

आवाज मराशच्याच अंगणातून येत होता. कुंपणावर माझी घोंगडी वाळत होती. पांढरं, तपकिरी पट्ट्यांचं, शायाकाचे दोन तुकडे. माझा विणलेला एप्रन चिखलानं माखून काठीवर. सगळी माझी. लाल तेवढं नव्हतं. अंगणात माणसं जमली होती, शोकाची रीत म्हणून अंगरखे उलटे घातलेली. आई आत गेली तशी गर्दी बाजूला सरकत गेली, आणि मग आम्हाला लाल घोंगडं दिसलं.

त्याच्यावर एक तरुण निजवलेला होता. मराशचा मुलगा, वुक्सान. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. तो माझ्यापेक्षा थोडाच मोठा असेल. चेहरा अगदी गोरा, ऊन न लागलेला, एखाद्या मुलीसारखा. घोंगड्याची एक कड त्याच्या छातीवर आली होती आणि माझी झालर त्याच्या उजव्या मुठीत होती.

डोक्याशी त्याची आई द्राना बसली होती. गालावर नखांचे ओरखडे. तिनं वर पाहिलं आणि आम्ही दुःखाला आलोय असं समजून बाजूला जागा केली.

"ये बाई, बस," ती म्हणाली. "कुठून आलात? बघ गं माझं लेकरू. नदी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्याला. कळायला लागलं तेव्हापासून घरात. खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच जग. आज सगळं गाव पुरातली लाकडं धरायला काठावर, कुणाचं लक्ष नव्हतं. मला म्हणाला, आई, आज तरी जाऊ दे. मीच म्हटलं, जा. मीच म्हटलं बाई."

आई बसली. 

"लाकडं सोडून हा बघतो काय, तर हे घोंगडं वाहत चाललेलं. म्हणाला, कुणाच्या तरी लग्नाचं आहे. उतरला. बाकीची कापडं लोकांनी आकड्यांनी ओढली, ह्यानं हातांनी धरलं. हातांनी कोण धरतं पुरातलं घोंगडं? पण त्याला कोण शिकवणार! वाळूवर सापडला तेव्हा त्याच्याभोवती गुंडाळलेलं होतं. मूठ उघडेचना. अजून उघडत नाही."

आईनं हात पुढे केला आणि त्या मुठीला, झालरीला बोट लावलं. तेवढंच. पण द्राना बाईच होती, तिनं स्वतःही आयुष्य मागावर घालवलेलं. आई झालरीला कशी हात लावतेय हे तिनं बघितलं. तिचं रडणं थांबलं.

"तुझं आहे," ती म्हणाली.

"माझ्या मुलीचं."

"कुणाची तू?"

"झेफची बायको."

अंगणात कुजबुज झाली. मराश भिंतीपाशी उभा होता, उंच, वाकलेला, दाढी वाढलेली. त्यालाही मी पहिल्यांदाच बघत होते. लहानपणापासून मी ज्याला स्वप्नात बघून घाबरायचे तो माणूस हाच, हे मला पटेना. त्याचा धाकटा भाऊ ग्योक पुढे आला.

"घोंगडं तुमचं आणि जीव आमचा," तो म्हणाला. "आता आमचं रक्त तुमच्यावर आहे. लुलाशला जाऊन सांग."

"काहीतरीच काय बोलतोस," ओळीतला एक म्हातारा खेकसला. "उलटं आहे ते. झेफचं रक्त ह्या घरावर होतं. झेफच्या घोंगड्यानं ह्या घरातला पोरगा घेतला. एकाला एक. फिटलं!"

"घोंगडं काय बंदूक आहे का, फिटायला?"

"मग रक्त मागायला तरी ती बंदूक आहे का?"

"म्हाताऱ्या, आमच्या अंगणात उभा राहून—"

"पोरगा अजून जमिनीवर आहे रे! लाजा नाहीत?" कुणीतरी बाई ओरडली.

माणसं दोन्ही बाजूंनी बोलायला लागली. मढ्याच्या डोक्यावरून वाद. मला वाटलं, आता इथंच कुणीतरी सुरी काढणार. मराशनं हात वर केला आणि सगळे गप्प बसले.

"त्रिंगा," तो म्हणाला. आईचं नाव त्याला ठाऊक होतं. "कापड तुझं. तू बोल. बाईचा शब्द कायद्यात धरत नाहीत, पण आज मी धरतो. फिटलं म्हणालीस तर फिटलं."

मी आईचा हात दाबला. म्हण, म्हण, फिटलं म्हण. काका मान वर करून चालेल. मी सासरी जाईन तर माझ्या घरावर कसला बोल राहणार नाही. एका शब्दाचं काम होतं.

आई उठून उभी राहिली. 

"मराश, झेफला तू मारलंस. दिवसाउजेडी, नेम धरून. तो झऱ्यावर वाकून पाणी पीत होता." तिनं वुक्सानकडे हात केला. "हा पोरगा माझ्या मुलीचं पांघरूण वाचवायला गेला. कुणाचं आहे हे न बघता. तू ही दोन मरणं एका तराजूत घालायला सांगतोस? मी नाही घालणार. ह्याच्यावर मी रक्त लिहिणार नाही, तुमचंही नाही आणि आमचंही नाही. नदीनं नेलं त्याला."

"म्हणजे झेफचं राहिलं," ग्योक म्हणाला.

"झेफचं राहिलं," आई म्हणाली. "ते त्याचं आहे. ह्या पोराच्या गळ्यात घालू नका."

ग्योकला काय वाटलं कोण जाणे, तो कमरेचा चाकू काढून खाली बसला. मला वाटलं झालं. पण तो म्हणाला, "निदान कापड तरी सुटं करून घ्या. झालर तेवढी राहील," आणि मुठीच्या बाजूनं कापायला लागला.

"राहू दे," आईनं त्याचा हात धरला. "पोराबरोबर जाऊ दे सगळं."

मला राग आला. ते घोंगडं माझं होतं. त्याच्याखाली मी निजणार होते. पण माझा राग कुणावर होता, हे मला कळेना, आणि त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघून तो टिकेना. मग आई पुन्हा खाली बसली, द्रानाच्या शेजारी, आणि तिनं हाक घातली. 'अरे माझ्या अंगणात न खेळलेल्या पोरा' अशी सुरुवात करून तिनं वुक्सानसाठी शोक धरला. द्राना आधी तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिच्या खांद्यावर डोकं टाकून जे ओरडली, ते मी कधी विसरणार नाही. वडील गेले तेव्हा आईनं असं रडून घेतलं नव्हतं. तेव्हा लोक तिला सांगत होते, रडू नकोस, रक्त घ्यायचंय.

निघताना द्रानानंच कुंपणावरची कापडं काढून आमच्या पाठीवर बांधली. "घेऊन जा सगळं," म्हणाली. "डोळ्यांपुढे नको." त्यात माया नव्हती आणि रागही नव्हता.

घरी काका दारातच वाट बघत होता. बातमी आमच्याआधी पोहोचली होती. आमच्याकडे माणसं डोंगरावरून डोंगरावर हाका देतात.

"वहिनी! फिटलं म्हणे!"

"नाही फिटलं."

"मराशनं विचारलं आणि तू नाही म्हणालीस?"

"हो."

तो भिंतीला धरून खाली बसला. "आता मरेपर्यंत मी असाच," म्हणाला. "माझा विचार नाही आला तुझ्या मनात? एकदाही?"

"आला," आई म्हणाली. "पण काय करू, लुलाश! त्या पोरानं हातांनी धरलं होतं रे."

काका तीन-चार दिवस आमच्याकडे फिरकला नाही. आई दिवसभर चुलीपाशी बसून कापडं वाळवायची, फाटलेलं रफू करायची. नदीतली वाळू लोकरीत अशी रुतली होती की सुई अडकायची. झुब्लेता नव्यानं शिवणं शक्यच नव्हतं. तिनं स्वतःच्या पेटीतला जुना काढला. तो नेहमीचा नव्हता, तिच्या लग्नातला होता. त्याच्या पट्ट्या उसवून माझ्या उंचीला लावल्या. नदीतून आल्यापासून ती खोकत होती, रात्रीपेक्षा पहाटे जास्त. मी म्हटलं, आई, थोडी पड. म्हणाली, सोमवार झाला की पडते.

सोमवारी वऱ्हाड आलं. बंदुका नव्हत्या, म्हणून काठ्या आपटत आणि आरोळ्या देत आले. माझा नवरा ज्येतो आमच्या रीतीप्रमाणे आलाच नव्हता, तो घरी वाट बघत होता. काका आला, धुतलेली टोपी घालून. त्यानंच मला घोड्यावर बसवलं. बापाच्या जागी तोच होता. त्यानं माझ्या पायाला हात लावून रिकीब नीट केली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. आई उंबऱ्यापर्यंत आली. नवरीनं मागं वळून बघायचं नसतं, म्हणून मी बघितलं नाही.

सासरी माझी पेटी बायकांनी उघडली. नवऱ्याची आत्या शायाकाचा तुकडा दोन बोटांत धरून म्हणाली, "काय गं, हे नदीवर धुतलंय की नदीनं धुतलंय?" सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तुकडा तिच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. "वीण चांगली आहे," म्हणाल्या. त्यांच्या त्या तीन शब्दांवर मी तो हिवाळा काढला.

त्या हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या. बर्फ एवढं पडलं की हाकासुद्धा पोहोचत नव्हत्या. नव्या सुनेला माहेरी जायचं ते सासरनं पाठवलं तरच, आणि पाठवायला वाट कुठं होती! मी ज्येतोला विचारायचे, आईचं काही कळलं का? तो म्हणायचा, उन्हाळा येऊ दे. भला माणूस होता. त्याला ठाऊक नव्हतं, आणि मला आधीच ठाऊक होतं. त्या खोकल्याचा आवाज माझ्या कानांत होता.

वसंतात वाट मोकळी झाल्यावर मी गेले. काका आमच्या घरात राहत होता. चूल पेटलेली होती, मागावर काही नव्हतं. मला बघून तो उठला. मग मीच विचारलं, "कधी?"

"नाताळ झाल्यावर. ताप उतरलाच नाही." तो राखेत काठीनं रेघा ओढत होता. "खिंड उघडली का म्हणून रोज विचारायची. मी म्हणायचो, उघडेल उद्या."

"कोण होतं जवळ?"

"मीच. शेजारीपाजारी होते. बर्फ खणून पुरलं तिला. पोरी, जमीन दगडासारखी झाली होती." त्यानं राख सारखी केली. "एक सांगतो. तुझ्या आईनं करायला सांगितलेलं नाही, मी आपणहून केलेलं सांगतो. ती गेल्यावर मी बंदूक काढली."

त्यानं काठी भिंतीला टेकवली.

"मराश आता घरात बसत नाही. वळणावरच्या खडकावर बसतो, सकाळपासून. सगळ्यांना दिसेल असा. म्हणतो, माझं आता काय लपवायचंय, ये लुलाश, घे. मी गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गेलो. हात हलला नाही माझा, पाश्का. जवळ गेलो, अगदी जवळ. त्यानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. त्याच्या अंगात मारायला काही उरलंच नव्हतं." काकानं नाक पुसलं. "बंदूक नदीत टाकून आलो. लोक आता मला घरात घेत नाहीत. नाही घेतलं तर नाही घेतलं."

मी तिथं दोन दिवस राहिले. आईच्या थडग्यावरचं बर्फ वितळून माती खचली होती, ती मी दगड लावून नीट केली. काकाला भाकऱ्या करून ठेवल्या. "पुन्हा येशील ना?" तो लहान मुलासारखं विचारत होता. मी हो म्हटलं, पण कधी ते मला कुठं ठाऊक होतं!

परत निघाले तेव्हा नदीकाठची वाट जवळची म्हणून त्या वाटेनं उतरले. मराश खडकावर बसला होता. टोपी नव्हती, केस पांढरे झाले होते. मला टाळून जाता आलं असतं, पण पाय तिकडेच गेले. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

"कुणाची गं तू?"

"झेफची. त्रिंगाची."

त्यानं मान हलवली. तोंड पाण्याकडे वळवलं. मी आईबद्दल सांगणार होते, तो मेलेल्या पोराबद्दल काही बोलेल असंही वाटलं. दोघांनाही जमलं नाही. मग त्यानं हात वर करून डोंगराकडे दाखवलं.

"इकडून जाऊ नकोस, पोरी. वरचं बर्फ सुटलंय, दुपारपर्यंत पाणी चढेल. मेंढ्यांच्या वाटेनं जा."

मी मेंढ्यांच्या वाटेला लागले.